थायलंड सावकाश पाहताना : बँकॉक, अयुथ्थया आणि चिआंग माईचा टप्प्याटप्प्याने आराखडा

महाराष्ट्रातून थायलंडला निघणाऱ्या बहुतेक सहलींचा साचा ठरून गेलेला आहे. पट्टायात दोन रात्री, बँकॉकमध्ये दोन रात्री, एका बेटाची धावती फेरी, एक प्राणिसंग्रहालय, एक रत्नांचे दालन आणि रोज संध्याकाळी भारतीय उपाहारगृहात पनीर व डाळ, असा तो कार्यक्रम असतो. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या देशाच्या राजवाड्यातील भिंतींवर संपूर्ण रामकथा रंगवलेली आहे आणि जेथे रस्त्याच्या कडेला उभे राहूनही उत्तम जेवण मिळते, तो देश या साच्यातून जवळजवळ दिसतच नाही. पुढील आराखडा आठ-नऊ दिवस हाताशी असलेल्या, स्वतःहून किंवा घरच्या चार माणसांबरोबर जाणाऱ्या प्रवाशासाठी आहे. ठिकाणे तीनच ठेवावीत आणि दिवसातले एक तरी जेवण थाई असावे, एवढ्या दोन अटी पाळल्या तरी सहलीचे स्वरूप बदलते.

कधी जावे आणि निघण्यापूर्वी काय उरकावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा काळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये बँकॉकचा उकाडा आपल्या कोकणातल्या वैशाखालाही मागे टाकतो, आणि त्याच सुमारास उत्तरेकडे शेते व जंगलातला पाचोळा जाळल्यामुळे चिआंग माईची हवा धुराने इतकी भरते की समोरचा डोंगर दिसत नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत उत्तरेकडे जाऊच नये. १३ ते १५ एप्रिल हे सोंगक्रानचे, म्हणजे सूर्याच्या मेष संक्रमणावर आधारलेल्या पारंपरिक नववर्षाचे दिवस असतात. रस्त्यावर सगळेच एकमेकांवर पाणी उडवत असतात, त्यामुळे कोरडे राहण्याची अपेक्षा सोडूनच बाहेर पडावे. लोय क्राथोंगचा दीपोत्सव बहुधा आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेलाच येतो. त्या रात्री केळीच्या खांबाच्या चकतीवर फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून ती नदीत सोडतात. त्या आठवड्यात जायचे असेल तर चिआंग माईतील निवास कित्येक महिने आधी ठरवावा लागतो.

कागदपत्रांचे नियम वारंवार बदलतात. जुलै २०२४ मध्ये भारतीय पारपत्रधारकांना साठ दिवसांपर्यंत व्हिसाविना राहण्याची सवलत मिळाली होती. आपल्या तारखांना कोणता नियम लागू आहे, हे तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचे डिजिटल कार्ड भरावे लागते. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असून त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. शुल्क मागणारी संकेतस्थळे दलालांची असतात, ती सरळ बंद करावीत. परतीचे तिकीट आणि हॉटेलच्या नोंदणीची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी.

पैशांच्या बाबतीत एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये, असा हिशेब डोक्यात ठेवला की पुरतो. थाई एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट आकारतात, म्हणून सारखी थोडीथोडी रक्कम काढणे महागात पडते. सुवर्णभूमी विमानतळाच्या आगमन कक्षातील खिडक्यांपेक्षा तळमजल्याखाली, रेल्वे स्थानकाच्या शेजारी असलेल्या खिडक्यांवर दर बहुधा चांगला मिळतो. दोन मिनिटे खाली उतरून जाण्याचे कष्ट घ्यावेत.

पहिला दिवस : शहरात शिरणे

विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंक थेट फाया थाई स्थानकापर्यंत जाते आणि तेथे उन्नत रेल्वे मिळते. सामान फार असेल तर टॅक्सी घ्यावी, पण मीटर चालू करण्याचा आग्रह धरावा. मीटर नको म्हणणाऱ्या चालकाशी वाद घालण्यापेक्षा दुसरी गाडी पाहणे किंवा ग्रॅब अथवा बोल्ट या अ‍ॅपवरून गाडी मागवणे सोपे जाते. बँकॉकची वाहतूक मुंबईकराला नवी नाही. फरक इतकाच की कोंडीत अडकूनही फारसे कोणी भोंगा वाजवत नाही. निवासाची जागा निवडताना हॉटेलचे तारे मोजण्यापेक्षा ते उन्नत किंवा भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून पायी किती दूर आहे, एवढेच पाहावे.

त्या दिवशी संध्याकाळी कोणतेही मोठे स्थळ ठरवू नये. साथोर्नच्या धक्क्यावरून चाओ फ्राया नदीतील लोकांच्या रोजच्या बोटीत बसावे आणि अंधार पडेपर्यंत नदी पाहावी. पर्यटकांसाठीची निळ्या झेंड्याची बोट अधिक महाग असते. नारिंगी झेंड्याची बोट त्याच नदीतून, बहुतेक त्याच धक्क्यांवरून, कमी पैशांत नेते.

दुसरा दिवस : राजवाडा, आडवा बुद्ध आणि नदीपलीकडचा अरुण

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीटविक्री थांबते. परदेशी प्रवाशाला तिकीट ५०० बाट आहे. दार उघडतानाच तेथे असावे, कारण दहानंतर उन्हाचा आणि गर्दीचा जोर एकदमच वाढतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असणे सक्तीचे आहे. ओढणी गुंडाळून काम भागेल असे समजू नये, पूर्ण पायघोळ कपडे आणि बाह्यांचा सदरा घालूनच जावे. वाटेत एखादा नीटनेटका, इंग्रजी बोलणारा गृहस्थ भेटून आज राजवाडा बंद आहे, त्याऐवजी टुकटुकने दुसरी मंदिरे दाखवतो, असे सांगू लागला तर हसून पुढे चालावे. ती फेरी शेवटी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात संपते. राजवाडा बंद आहे की नाही, हे फक्त राजवाड्याच्या दारावर कळते.

आत गेल्यावर बहुतेक गट सोनेरी स्तूपांसमोर छायाचित्रे काढून थेट पाचूच्या बुद्धाकडे वळतात. मराठी वाचकाने मात्र आवाराला वेढणाऱ्या ओवरीत आधी वेळ द्यावा. तेथे १७८ चित्रफलकांत ‘रामकियन’, म्हणजे थाई रामायण, रंगवलेले आहे. उत्तरेकडील दारापासून घड्याळाच्या दिशेने चालत गेले की कथा क्रमाने उलगडते. आपल्याला ओळखीची पात्रे तेथे फ्रा राम, फ्रा लाक, नांग सीदा आणि थोत्साकान म्हणजे दशकंठ या नावांनी भेटतात. परंतु कथा आपली राहत नाही. येथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधला जात असताना रावणाची मत्स्यकन्या सुवन्नमच्छा दगड पळवून नेते, तिला रोखायला हनुमान पाण्यात उतरतो, आणि पुढे या दोघांना मच्छानू नावाचा मुलगा होतो. आपल्याकडे मकरध्वजाची कथा घामाच्या थेंबावर निभावून नेली आहे, थाई चित्रकाराने तेवढा संकोच ठेवलेला नाही. आणखी जवळ जाऊन पाहिले तर युद्धाच्या फलकांच्या कोपऱ्यांत राजकथेशी संबंध नसलेली साधी माणसे दिसतात : स्वयंपाक करणारी, मुलांना खेळवणारी, आपसांत बोलत बसलेली. सीतेपेक्षाही या माणसांकडे पाहण्यात अधिक वेळ जातो.

पाचूचा बुद्ध प्रत्यक्षात हिरव्या जेडच्या दगडाचा, जेमतेम ६६ सेंटीमीटर उंचीचा आहे आणि उंच सिंहासनावर बसवलेला असल्यामुळे अपेक्षेपेक्षा लहान दिसतो. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तीन ऋतूंच्या आरंभी राजा स्वतः त्याची वस्त्रे बदलतो. गाभाऱ्यात छायाचित्र काढता येत नाही आणि पाय मूर्तीकडे करून बसता येत नाही. पाय मागे दुमडून बसावे. राजवाड्याच्या तिकिटात साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहातील खोन या मुखवटा-नृत्याचा छोटा प्रयोगही मिळतो का, हे खिडकीवर विचारून घ्यावे. चित्रांत पाहिलेला थोत्साकान त्याच दिवशी रंगमंचावर पाहणे हा फार चांगला योग आहे.

तेथून चालत दक्षिणेला वाट फो आहे (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर). ४६ मीटर लांबीचा आडवा बुद्ध एका नजरेत मावत नाही, म्हणून तळपायांपाशी थांबावे. शिंपल्याच्या जडावकामातील १०८ मंगलचिन्हे तेथे नीट पाहता येतात. थाई मर्दनाचे शिक्षण देणारी जुनी संस्था याच आवारात असून तेथे मर्दन करून घेता येते. २०१९ मध्ये युनेस्कोने या विद्येची अमूर्त वारशात नोंद केली. तेल न लावता, सैल कपडे घालून, दाब आणि ताण देत ते केले जाते. पहिल्यांदा करून घेणाऱ्याने ‘बाओ बाओ’, म्हणजे हळू, असे आधीच सांगावे. पाठीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तोही सुरू होण्यापूर्वी सांगावा. संध्याकाळी था तिएनच्या धक्क्यावरून अगदी थोड्या बाटांत नदी ओलांडली की अरुणाच्या नावाचे वाट अरुण येते. चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून केलेली त्याच्या शिखरावरची फुले हाताच्या अंतरावरून पाहिल्यावरच त्या कारागिरीचा अंदाज येतो.

मंदिरांत आणि रस्त्यावर कसे वागावे

उंबरठ्यावर पाय देऊ नये, तो ओलांडावा. कोणाच्याही, अगदी लहान मुलाच्याही, डोक्याला हात लावू नये. आपल्याकडे कौतुकाने केस विस्कटतात, तेथे तो अवमान ठरतो. स्त्रियांनी भिक्षूला स्पर्श करू नये आणि त्याच्या हातात थेट काही देऊ नये. रेल्वेत भिक्षूंसाठी राखीव जागा असतात, त्या सोडाव्यात. हात जोडून कोणी ‘वाय’ केला तर आपणही हात जोडावेत. दुकानातील मुलीला किंवा वाढप्याला मान किंचित लववली तरी पुरते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकांत व बागांत राष्ट्रगीत लागते, तेव्हा सगळे जागच्या जागी थांबतात. आपणही थांबावे.

राजघराण्याविषयी विनोद, टीका किंवा समाजमाध्यमांवरील शेरा यांपासून पूर्णपणे दूर राहावे. दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षे कैद आहे आणि परदेशी असणे हा त्यावर बचाव नाही. विजेवर चालणारी सिगारेट देशात आणण्यास बंदी आहे, ती घरीच ठेवावी.

जेवण : भीती कशाची आणि कशाची नाही

मराठी प्रवाशाला, विशेषतः शाकाहारी कुटुंबाला, थायलंडमध्ये खरी अडचण येते ती मांसाची नाही. मांस डोळ्यांना दिसते, नाम प्ला म्हणजे माशाचे पातळ खारट पाणी दिसत नाही, आणि ते भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत मिठासारखे पडते. भरीला बहुतेक मसाल्यांच्या वाटणात कापी, म्हणजे कोळंबीचा खारवलेला लगदा असतो. नेहमीच्या गाडीवर ‘मासे घालू नका’ असे सांगितले तरी वाटण आधीच तयार असल्यामुळे करी शाकाहारी होत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे पिवळ्या पाटीवर तांबड्या अक्षरांत लिहिलेले ‘जे’ हे चिन्ह शोधणे. ते १७ या आकड्याची आठवण करून देते. चिनी बौद्ध परंपरेतल्या या जेवणात मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, शिवाय कांदा आणि लसूणही नसतो. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरांना त्यामुळे बँकॉकच्या याओवारात या चिनी वस्तीत खाणे पुण्याबाहेरच्या कित्येक धाब्यांपेक्षा सोपे जाते, मात्र जैन आहारातील कंदमुळांचा नियम त्यात नाही. चिनी नवव्या चांद्रमासाच्या पहिल्या नऊ दिवसांत ‘जे’चा उत्सव असतो आणि तो अनेकदा आपल्या नवरात्राशी जुळतो. तेव्हा पिवळे झेंडे गल्लोगल्ली लागतात.

शाकाहारी म्हणून दोनच वाक्ये पाठ करावीत : ‘किन जे’, म्हणजे मी ‘जे’ खातो, आणि ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचे पाणी घालू नका. पुरुषाने वाक्याअखेर ‘क्राप’ आणि स्त्रीने ‘खा’ जोडावे. ‘मांगसाविरात’ असे सांगितल्यास अंडे चालते असे समजले जाते.

ज्यांना मासे चालतात त्यांनी सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, विकणाऱ्या गाडीपाशी जेवण सुरू करावे. विकणारी बाई मातीच्या खोल उखळीत आधी लसूण आणि मिरच्या ठेचते. मिरच्या किती, हे ती बोटे उभी करून विचारते, आणि दोनच्या पुढे जाण्याची हौस पहिल्या दिवशी करू नये. मग ताडगूळ, लिंबू, नाम प्ला, शेंगदाणे, सुकी कोळंबी, चवळीच्या लांब शेंगांचे तुकडे आणि शेवटी कच्च्या पपईचा लांबट कीस पडतो. एका हातात लाकडी मुसळ आणि दुसऱ्या हातात मोठा चमचा घेऊन ती एकाच लयीत कुटत आणि उलथत राहते. पपई चेचली जात नाही, फक्त रस शोषून घेण्याइतकी दबते. मग ती चमच्यावर थोडा रस पुढे करते. आंबट, गोड, खारट यांपैकी काही कमी वाटले तर तेव्हाच सांगायचे असते. सोबत चिकट भात घ्यावा. तो हातानेच, लहान गोळा करून खातात, त्यामुळे आपल्याला अवघडल्यासारखे होत नाही.

इतर भात चमच्याने खावा. काटा डाव्या हातात धरून त्याने घास चमच्यात लोटायचा, काटा तोंडात घालायचा नाही. चॉपस्टिक्स नूडल्सपुरत्या. टेबलावरच्या चार वाट्यांत साखर, तिखट, मिरच्या घातलेला व्हिनेगर आणि नाम प्ला असते. नूडल्स आल्यावर ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घालून घेणे हीच तेथली रीत आहे. गाडी निवडताना इंग्रजी पाटीपेक्षा कार्यालयात जाणाऱ्यांची रांग पाहावी. जेथे एकच पदार्थ सतत बनतो, तेथे तो ताजा असतो. बर्फ नळीसारख्या पोकळ आकाराचा असेल तर तो कारखान्यातला असतो. एप्रिल-मेमध्ये गेल्यास आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात चुकवू नये, हापूसचा अभिमान थोडा वेळ बाजूला ठेवता येतो. ड्यूरियन फळ मात्र जागीच खावे, कारण हॉटेलांत आणि रेल्वेत ते नेऊ देत नाहीत.

तिसरा आणि चौथा दिवस : सोन्याचा बुद्ध, याओवारात आणि अयुथ्थया

तिसऱ्या दिवशी सकाळी राचप्रासोंग चौकातले चतुर्मुख ब्रह्मदेवाचे एरावण मंदिर पाहावे. १९५६ मध्ये एका हॉटेलच्या बांधकामातली विघ्ने टळावीत म्हणून ते उभारले गेले. नवस फेडणारे लोक तेथे नर्तकींचे नृत्य अर्पण करतात आणि चारही बाजूंनी गाड्या वाहत असतात. ब्रह्मदेवाची एवढी गर्दीची पूजा आपल्याकडे क्वचितच दिसते. दुपारनंतर वाट त्राइमित गाठावे. तेथला साडेपाच टनांचा सुवर्णबुद्ध शतकानुशतके चुन्याच्या लेपाखाली दडलेला होता. १९५५ मध्ये हलवताना दोर तुटून मूर्ती पडली, लेपाला तडा गेला आणि आतले सोने दिसले. लेप बहुधा ब्रह्मी, म्हणजे ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या), आक्रमकांपासून मूर्ती लपवण्यासाठी चढवला गेला असावा. तेथून अंधार पडताना याओवारातला चालत जावे आणि रात्रीचे जेवण तेथेच, एका जागी न बसता, गाडीगाडीवर करावे.

अयुथ्थया बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. १३५० मध्ये वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली. नाव अयोध्येवरून घेतलेले आहे, पण येथे पाहायचे आहे ते उद्ध्वस्त झालेले नगर. वातानुकूलित सहलीच्या बसपेक्षा तिसऱ्या वर्गाची साधी रेल्वे घ्यावी. तिचे तिकीट वडापावच्या किमतीत येते, खिडक्या उघड्या असतात आणि डब्यात भात-कोंबडीच्या पुड्या विकणाऱ्या बायका चढतात. स्थानकासमोरच्या गल्लीतून नदी ओलांडणारी होडी मिळते आणि पलीकडे सायकली भाड्याने मिळतात. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत गुरफटलेले बुद्धाचे मस्तक आहे. त्यासमोर छायाचित्र काढताना खाली बसावे लागते, आपले डोके त्याच्या वर असता कामा नये. शिरच्छेद झालेल्या मूर्तींच्या धडावर आपले डोके ठेवून छायाचित्र काढणे हा तर तेथल्या लोकांना सर्वांत टोचणारा प्रकार आहे. दुपारच्या उन्हात दोन तास विश्रांती घेऊन संध्याकाळी नदीकाठचे वाट चायवत्थनाराम पाहावे. परतताना रोती साय माय घ्यावी. हिरवट पातळ पोळीत साखरेच्या केसासारख्या तारा गुंडाळलेल्या या पदार्थाची ख्याती मुस्लिम विक्रेत्यांमुळे झाली आहे.

पाचव्या दिवसापासून : चिआंग माई

क्रुंग थेप अफिवत या मध्यवर्ती स्थानकावरून रात्रीची शयनयान गाडी घ्यावी. प्रवास बारा-तेरा तासांचा आहे. खालची शायिका रुंद आणि थोडी महाग असते, ज्येष्ठांसाठी तीच घ्यावी. आरक्षण आधी करावे, आणि डब्यातील वातानुकूलन कडक असल्यामुळे अंगावर घ्यायला काहीतरी ठेवावे.

१२९६ मध्ये राजा मेंगराय याने वसवलेले हे लान्ना राज्याचे नगर आजही चौकोनी खंदकाच्या आत सामावलेले आहे आणि पायी पाहता येते. वाट चेदी लुआंगचा भव्य विटांचा स्तूप १५४५ च्या भूकंपात ढासळला आणि त्याचे शिखर पुन्हा बांधलेले नाही. याच आवारात तरुण भिक्षू परदेशी लोकांशी गप्पा मारायला बसतात. त्यांना इंग्रजीचा सराव होतो आणि आपल्याला प्रश्न विचारता येतात. पाली आणि संस्कृतच्या सामायिक शब्दांमुळे मराठी माणसाचा संवाद येथे विशेष रंगतो. दोई सुथेप या डोंगरावरच्या मंदिराला लाल रंगाच्या सामायिक गाडीने सकाळी लवकर जावे, नागाच्या कठड्याच्या तीनशेहून अधिक पायऱ्या ऊन चढण्याआधी चढून होतात.

एक अर्धा दिवस स्वयंपाकाच्या वर्गाला द्यावा. चांगला वर्ग बाजारातून सुरू होतो आणि वाटण दगडी उखळीत स्वतः वाटायला लावतो. शाकाहारी गटासाठी कोळंबीच्या लगद्याविना वेगळे वाटण मिळेल का, हे आधी विचारावे. गवती चहाचा खालचा पांढरा भाग, कुळिंजन, मकरूत लिंबाची साल आणि हिरव्या मिरच्या यांचे वाटण नारळाच्या घट्ट दुधात तेल सुटेपर्यंत परतायचे असते. कोकणी हाताला ही कृती फारशी शिकवावी लागत नाही. शहराची खासियत म्हणजे खाओ सोय : नारळाच्या पिवळ्या रश्शात अंड्याच्या नूडल्स, वर तळलेल्या नूडल्सचा कुरकुरीत झुबका, बाजूला मोहरीच्या पानांचे लोणचे, कांदा आणि लिंबू. युन्नानकडून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांशी तो जोडला जातो, म्हणून बान हो मशिदीच्या परिसरात तो हलाल मिळतो. रविवार असेल तर था फे दरवाजापासून भरणारा पायी बाजार पाहावा. भाव करावा तो हसत आणि दोनदाच, आणि खाण्याच्या गाडीवर अजिबात करू नये.

हत्तींच्या बाबतीत निवड काळजीपूर्वक करावी. जेथे पाठीवर बसवतात, चित्रे काढायला लावतात किंवा कसरती दाखवतात, ती जागा टाळावी. फक्त दूरून पाहू देणारी आश्रयस्थाने कमी ‘मजेदार’ असतात, पण तीच खरी.

समुद्र हवाच असेल तर

अंदमान समुद्राकडील फुकेत, क्राबी आणि फी फी यांसाठी नोव्हेंबर ते एप्रिल, तर थायलंडच्या आखातातील सामुईसाठी साधारण जानेवारी ते ऑगस्ट ठीक. फी फी बेटांतली माया बे ही छोटी खाडी प्रवाळाच्या रक्षणासाठी २०१८ मध्ये बंद करून २०२२ मध्ये उघडली. दरवर्षी पावसाळ्यात ती काही आठवडे बंद असते आणि तेथे पोहता येत नाही, हे बोटीचे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्यावे. भाड्याच्या दुचाकीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते.

परतताना

बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यात घालायच्या छोट्या ताईतांची अडचण सहसा येत नाही, पण मोठी मूर्ती दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर घेऊ नये. गांजाविषयीचे थाई नियम २०२२ मध्ये सैल झाले आणि २०२५ मध्ये पुन्हा कडक झाले. भारतात तो आणणे मात्र प्रत्येक वेळी अमली पदार्थांचा गंभीर गुन्हाच आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर असा गांजा आणि जिवंत विदेशी प्राणी वारंवार पकडले जातात. त्यामुळे ओळखीच्या माणसानेही दिलेले बंद पुडके बॅगेत ठेवू नये आणि आपली बॅग शेवटपर्यंत स्वतःच भरावी.